बर्चच्या लाकडाची खुंटी

नेसविक या खाडीकाठच्या गावातल्या म्हाताऱ्यांना संशोधक काही नवे नव्हते. फ्योर्डमधले मासे मोजणारे येऊन गेले होते, बोलीतले जुने शब्द गोळा करणारे येऊन गेले होते. एकटेपणावर प्रश्न विचारणारी एक मुलगी तर दोनदा आली आणि दोन्ही वेळा तिने ओड्नी नावाच्या म्हातारीला विचारलं, की तुला शेवटचं रडू कधी आलं. आत्ताच, तू दारात दिसलीस तेव्हा, असं ओड्नीने सांगून टाकलं. सगळे यायचे, विचारायचे, हवं ते घेऊन जायचे. मागे उरायचे कॉफीचे उष्टे कप, आणि ते धुवायचं काम म्हाताऱ्यांचंच.

म्हणून सोलफ्रीड जेव्हा प्रार्थनाघराच्या तळघरात उभी राहून म्हणाली, की मी तुम्हाला काही विचारायला आलेली नाही, आपण मिळून एक वस्तू करायची आहे आणि ती कशी असावी हे तुम्हीच ठरवायचं आहे, तेव्हा कोणाच्या चेहऱ्यावरची सुरकुतीही हलली नाही. मासळीच्या कारखान्यात आयुष्यभर मुकादमी केलेल्या आणि तिथल्याच यंत्रांनी कान घालवून बसलेल्या तोरलाइफने शेजाऱ्याला मोठ्याने विचारलं, की ही बाई विकते तरी काय.

वस्तू म्हणजे मदतीची घंटी. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांना नगरपालिका मनगटावर बांधायला राखाडी प्लास्टिकचं एक यंत्र देत असे. पडलं-झडलं, छातीत कळ आली, की बटण दाबायचं. पलीकडून कोणीतरी बोलायचं आणि मग गाडी यायची. यंत्र चालायचं चांगलं, पण ते बांधून दुकानात जायची लोकांना लाज वाटे. ते बांधलेला माणूस म्हणजे अर्धा गेलेलाच, असा गावाचा समज होता. त्यामुळे नगरपालिकेने नवं यंत्र करायचं ठरवलं, एका कंपनीला काम दिलं, आणि बर्गनच्या कॉलेजात डिझाइन शिकवणाऱ्या सोलफ्रीडला म्हाताऱ्यांबरोबर बसायला पाठवलं.

सोलफ्रीड पन्नाशीला टेकलेली, सडसडीत, घाईघाईने चालणारी बाई होती. तिचे शिक्षक तरुणपणी कामगार संघटनांबरोबर कारखान्यांत गेले होते. ज्याला यंत्रापुढे उभं राहायचं आहे त्यानेच यंत्राचं रूप ठरवावं, हा त्यांचा हट्ट. त्यांच्या हाताखाली शिकताना सोलफ्रीडने तो हट्ट असा काही उचलला, की चर्चला न जाणाऱ्या या बाईचा तोच धर्म झाला. कंपनीचा माणूस सिंद्रे, तोही स्वतःला संशोधकच म्हणवत असे. तो मागच्या खुर्चीवर कॅमेरा घेऊन बसे आणि कोणाची बोटं कशी वळतात, कोण कप कोणत्या हाताने उचलतं, ते टिपून घेई. माणसं सांगतात एक आणि करतात भलतंच, तेव्हा विचारू नये, बघावं, असं त्याचं म्हणणं. बघणारा नेहमी वर असतो आणि ज्याला बघतात तो खाली, असं सोलफ्रीडचं. तो म्हाताऱ्यांना युजर म्हणे. ती त्याला दर वेळी टोके. बर्गनला परतताना फेरीबोटीवर दोघांचा यावरून वाद रंगायचा, आणि खरं सांगायचं तर दोघांनाही त्यात मजा येत होती.

गट जमायला वेळ लागला. आधी लोक वॅफल खायला येत आणि खाऊन जात. सोलफ्रीडने पुठ्ठा, कात्री, गोंद टेबलावर मांडला, तेव्हा ओड्नीने विचारलं, की गाणंही म्हणायचं आहे का. ओड्नी टेलिफोन एक्स्चेंजात नोकरी केलेली, जिभेला धार आणि पाठ अजून ताठ. तिचा थोरला भाऊ आयलर्ट तिच्या शेजारी बसे. तो होड्या बांधणारा. पुठ्ठ्याचा एक तुकडा त्याने उचलला, वाकवून बघितला आणि परत ठेवला. पुढच्या खेपेला त्याने खिशातून रुमालात गुंडाळलेली एक वस्तू काढून टेबलावर ठेवली.

बर्चच्या लाकडाचा, तळहातात मावेल असा चपटा गोटा होता तो. घासून घासून लोण्यासारखा केलेला. मध्ये लाकडाचंच बटण आणि त्याखाली कुठल्याशा जुन्या कुलपातली स्प्रिंग, त्यामुळे दाबलं की टक वाजे. आत अर्थातच काही नव्हतं. वर चामड्याची दोरी, आणि दोरी बंद करायला बोटाच्या पेराएवढी जाड खुंटी. दोरीच्या एका टोकाला फास, त्यात ही खुंटी आडवी सरकवायची. आयलर्टची बोटं संधिवाताने आल्याच्या गड्ड्यासारखी वाकडी झाली होती, आणि त्या बोटांनी, एका हाताने, न बघता ती खुंटी निघत होती.

तळघरात पहिल्यांदाच सगळे एकदम बोलू लागले. गोटा हातोहात फिरला. तोरलाइफने टक टक करून सगळ्यांना वात आणला. आणि त्या दिवशी गटाने पहिली गोष्ट ठरवली. ती ओड्नी बोलली.

"कुत्र्याचा पट्टा कुत्र्याला काढता येत नाही. आपला आपल्याला काढता आला पाहिजे. बाकी रंगबिंग मग बघू."

सगळ्यांनी हात वर केले. सोलफ्रीडनेही केला, कारण नियमच तसा होता: इथे जेवढी माणसं तेवढे हात, आणि तिचा हात इतरांच्या हाताएवढाच. तिथून पुढे गट मनापासून येऊ लागला. होडी पाण्यातून ओढून घ्यायला जसं सगळं गाव दुग्नादला, म्हणजे गावकीच्या कामाला, जमतं, बोलावणं लागत नाही आणि आभार कोणी मानत नाही, तसे ते यायला लागले. आयलर्टने प्रत्येकासाठी एकेक गोटा केला. प्रत्येकाची बोटं बघून खुंटी वेगळी. सोलफ्रीड घरी जाताना गाडीत एकटीच हसायची. एवढं सुख तिला या कामात कधी मिळालं नव्हतं.

हिवाळा तोंडावर आला तेव्हा लाकडी गोटे आठवडाभर वापरून बघायचं ठरलं. ही या धंद्यातली जुनी रीत. वस्तू खोटी असली तरी खरी समजून तिच्याबरोबर राहायचं, म्हणजे ती कुठे टोचते, कुठे अडकते ते कळतं. गळ्यात घालून आंघोळ करा, लाकडं फोडा, झोपा, असं सोलफ्रीडने सांगितलं. मदत हवीशी वाटली की बटण दाबा आणि कुठे दाबलं ते लक्षात ठेवा. हे खरं आहे असं समजूनच वागा, नाहीतर आपल्याला काही समजणार नाही, असंही ती म्हणाली.

"मग मनगटावरच्या प्लास्टिकचं काय करायचं?" ओड्नीने विचारलं. "एक हातात, एक गळ्यात. मला अवघडल्यासारखं झालं तर ते कशामुळे, हे मी कसं सांगू? प्लास्टिक आठवडाभर खणात टाकू."

नक्की का, असं सोलफ्रीडने विचारलं. नीट विचार करा, म्हणाली. तोरलाइफला ते दोनदा ओरडून सांगावं लागलं, आणि ऐकू आल्यावर तो म्हणाला, की कारखान्याच्या यंत्रांत काढलेले दिवस ज्याने मोजले नाहीत तो एका आठवड्यात प्लास्टिकावाचून मरत नाही. सगळे हसले. आयलर्टही हसला आणि त्याने आपला वाकडा हात सगळ्यांच्या आधी वर केला. मग बाकीचे. सोलफ्रीडने वर गेलेले हात बघितले. नाही म्हणायचा तिला हक्क होता का? तिच्या स्वतःच्या शिकवणीप्रमाणे नव्हता. तिने हात वर केला.

सिंद्रे त्या दिवशी आला नव्हता. त्याला कळलं तेव्हा त्याने फोन केला.

"तू त्यांना हे करू दिलंस?"

"करू द्यायला ती काय माझी पोरं आहेत?"

"सोलफ्रीड, जुनं यंत्र अंगावर ठेवूनच चाचणी, हा आमचा पहिला नियम आहे. मी असतो तर हे झालंच नसतं."

"कारण तुझ्याकडे ते युजर आहेत," ती म्हणाली. "माझ्याकडे नाहीत."

उत्तर फक्कड जमलं होतं. दात घासताना तिला ते पुन्हा आठवलं आणि पुन्हा आवडलं.

आयलर्ट शनिवारी त्याच्या बोटघरात पडला. तोरलाइफची खुंटी त्याला मनासारखी वाटत नव्हती, म्हणून तो लाकडाचा तुकडा आणायला खाली किनाऱ्यावर गेला असावा. दारातून गारा आत येऊन होडी ओढायच्या फळ्या निसरड्या झाल्या होत्या. कंबरेचं हाड मोडलं. ओड्नीचं घर समोरच्या चढावर. दोघा भावंडांची वर्षानुवर्षांची खूण होती: स्वयंपाकघरातला दिवा लागला म्हणजे उठला, म्हणजे ठीक आहे. शनिवारी दिवा दिसत होता. रविवारीही दिसत होता. ओड्नीने तो बघितला, समाधानाने पडदा सोडला आणि विणायला बसली. आयलर्ट दिवा चालूच ठेवून बाहेर पडला होता, हे तिला कसं कळणार?

सोमवारी तोरलाइफ खुंटीची चौकशी करायला गेला आणि त्याला तो सापडला. डॉक्टर म्हणाला, हाडाने नाही, थंडीने गेला. जीव जायला वेळ लागला असणार, असंही तो म्हणाला. ते त्याने म्हणायला नको होतं. उजव्या मुठीत बर्चचा गोटा होता. तो सोडवायला बोटं एकेक करून उघडावी लागली. मनगट मोकळं होतं. प्लास्टिकचं यंत्र घरी खणात, मेणबत्त्यांच्या शेजारी, गटाने ठरवलं तसं.

ते लाकूड आहे हे त्याला माहीत होतं. त्यानेच तर ते केलं होतं. मग त्याने ते का धरलं, हे कोणी मोठ्याने विचारलं नाही, पण गावात त्या आठवड्यात ज्याने त्याने डोळे मिटले की तो टक टक आवाज ऐकला. सोलफ्रीडने तर उघड्या डोळ्यांनी ऐकला. खरं आहे असं समजूनच वागा, हे तिचे शब्द होते.

दफन झाल्यावर कॉफी प्रार्थनाघराच्या तळघरातच होती, त्याच टेबलावर. सोलफ्रीड ओड्नीला कोटांच्या खुंट्यांपाशी बाजूला घेऊन गेली आणि चूक माझी होती, एवढं म्हणून ती रडू लागली. ओड्नीने तिला रडू दिलं. मग आपला रुमाल काढून दिला.

"खणात टाकू, असं म्हणाले मी," ओड्नी म्हणाली. "तू नाही."

"मी थांबवायला हवं होतं."

"कुठल्या हक्काने?" ओड्नीने विचारलं. "ऐक. नगरपालिका चौकशी करणार आहे. मला बोलावलंय, तुलाही बोलावतील. मी झालं तसं सांगणार. मी बोलले, हात वर झाले, तुझाही झाला, त्याचा तर सगळ्यांत आधी झाला. तो स्वतःच्या ठरवण्याने गेला. कोणी त्याला वाऱ्यावर सोडला म्हणून नाही. एवढंच त्याच्यापाशी उरलंय, सोलफ्रीड. तेवढं काढून घेऊ नको."

सोलफ्रीडने होकारार्थी मान डोलावली. रुमाल धुवून परत देते, म्हणाली.

चौकशी नगरपालिकेच्या छोट्या खोलीत झाली. खिडकीतून भरपूर उजेड, टेबलावर भरपूर बिस्किटं. आरोग्य खात्याची प्रमुख विग्दिस मध्ये बसली होती. बाई वाईट नव्हती. तिचा स्वतःचा बाप नेसविकलाच वारला होता आणि तिचे डोळे खरोखर ओले झाले होते. सिंद्रे भिंतीकडेला बसला. ओड्नी खिडकीपाशी, चांगला निळा स्वेटर घालून. सोलफ्रीडला आधी विचारलं गेलं, की अंगावरचं चालू यंत्र काढून ठेवायचा निर्णय कोणाचा होता.

झालं तसं सांगायचं, असं ठरवूनच ती आली होती. पण बोलायला तोंड उघडलं आणि तिची नजर ओड्नीच्या स्वेटरकडे गेली. बटणं एक घर चुकून लागली होती. ओड्नीची, जिने आयुष्यात कधी चुकीचा फोन जोडला नाही, तिची. या बाईने आता इथे उठून सांगायचं, की माझ्या सांगण्यावरून माझा भाऊ गेला? आणि मग उरलेली वर्षं समोरच्या अंधाऱ्या खिडकीकडे बघत त्या वाक्याबरोबर राहायचं? सोलफ्रीडने नजर विग्दिसकडे वळवली.

"निर्णय माझा होता," ती म्हणाली. "त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला."

एवढ्यावर थांबली असती तरी निभावलं असतं. पण खोटं बोलणाऱ्याला आपलं खोटं नेहमी थोडं तोकडं वाटतं. कोणी विचारलं नव्हतं, तरी ती पुढे म्हणाली:

"त्यातला धोका त्यांना कळण्यासारखा नव्हता."

खोलीत सगळ्यांचाच श्वास मोकळा झाला. एका माणसाने चूक केली आणि ती कबूल केली, याहून सोयीचं काय असतं? फक्त ओड्नी उभी राहिली.

"हे खोटं आहे. मी म्हणाले होते."

"ओड्नी," विग्दिस हळुवारपणे म्हणाली, "तुला कोणीही दोष देत नाहीये गं."

"द्या की. दोष द्या मला."

विग्दिसने पाण्याचा ग्लास तिच्याकडे सरकवला. दुःखात माणूस स्वतःला बोल लावतो, हे त्या खोलीतल्या प्रत्येकाला माहीत होतं आणि प्रत्येकाच्या चेहऱ्यावर ते दिसत होतं. ओड्नीने त्या चेहऱ्यांकडे एकेक करून पाहिलं. दगडावर डोकं आपटलं तर निदान दगडाला रक्त तरी लागतं. या मायेवर काही उमटत नव्हतं. ती खाली बसली. नंतर तिला काही विचारलं तेव्हा तिने हो किंवा नाही एवढंच सांगितलं.

बाहेर पायऱ्यांवर सोलफ्रीड तिला गाठायला धावली. तुझ्यासाठीच केलं, असं काहीतरी ती बोलू लागली. ओड्नी रेलिंग धरून उभी होती.

"मासे मोजणाऱ्यांनी मासे मोजून नेले," ती म्हणाली. "त्या दुसऱ्यांनी शब्द नेले. तू सगळ्यांत जास्त नेलंस."

आणि ती तोरलाइफच्या गाडीत जाऊन बसली.

सोलफ्रीडला कामावरून काढलं नाही. उलट कॉलेजात तिच्या धैर्याचं कौतुक झालं. आजकाल जबाबदारी कोण घेतं, असं म्हणत लोक तिचा हात दाबत. ते तिला सहन होत नसे, पण तिने ते नाकारलंही नाही. नेसविकचं काम मात्र तिच्याकडून गेलं. गट मोडला. तोरलाइफने तिचा फोन उचलला नाही, आणि यावेळी तरी त्याला ऐकू आलं नाही असं म्हणायला वाव नव्हता, कारण त्याचा फोन वाजला की घरात दिवा लुकलुकत असे. ओड्नीला तिने दोनदा पत्र लिहायला घेतलं. रुमाल धुवून, इस्त्री करून खणात पडून राहिला.

बर्फ वितळल्यावर सिंद्रेने कॉफीला बोलावलं. त्याने खिशातून यंत्र काढून दोघांच्या मध्ये ठेवलं. सोलफ्रीडने बघितलं आणि तिला आयलर्टचा हात दिसला. तोच गोटा, तीच गोलाई, रंगसुद्धा बर्चचा. फक्त प्लास्टिकचा, आणि आता आत सगळं होतं. दोरीला खुंटीही होती. तिने सवयीने ती सरकवून बघितली. ती हलली नाही.

"किल्ली लागते," सिंद्रे म्हणाला. "घरी देखभालीला येणाऱ्या नर्सकडे असते."

"काढणं त्यांच्या हातात, हे त्यांनी पहिल्या दिवशी ठरवलं होतं."

"मला माहीत आहे. मी तिथेच होतो, मी ते चित्रित केलंय." त्याने कप फिरवला. "मी भांडलो, सोलफ्रीड. माझ्यावर विश्वास ठेव अगर ठेवू नको. मी म्हटलं, ही धडधाकट डोक्याची माणसं आहेत, त्यांचं त्यांना कळतं. विग्दिस म्हणाली, त्यांच्याबरोबर सव्वा वर्ष बसलेल्या बाईनेच सांगितलंय, की त्यांना धोका कळत नाही. तुझं वाक्य जसंच्या तसं म्हणून दाखवलं. त्यावर मी काय बोलणार? त्यांना चांगलं ओळखणारं तुझ्याहून कोण होतं?"

यंत्र घालायची सक्ती आहे का, असं सोलफ्रीडने विचारलं. सक्ती नाही, सिंद्रे म्हणाला. नको असेल त्याने तसं सांगायचं. पण मग एकट्याने घरी राहायचं नाही, वरच्या रस्त्यावरच्या वृद्धनिवासात जायचं.

ती विग्दिसकडे गेली. आपण खोटं बोललो होतो, निर्णय गटाचा होता, ओड्नीचं खरं होतं, असं तिने सगळं सांगितलं. विग्दिसने शांतपणे ऐकून घेतलं. तू फार सोसलंयस, म्हणाली. एखाद्या मानसोपचारतज्ज्ञाशी बोललीस का, असंही विचारलं. बाहेर येऊन सोलफ्रीड गाडीत बसली तेव्हा तिला ओड्नीपुढे सरकवलेला तो पाण्याचा ग्लास आठवला. आता तो तिच्यापुढे आला होता.

मग ती नेसविकला गेली. रुमाल बरोबर घेतला.

ओड्नीने दार उघडलं आणि ती बाजूला झाली. घर तसंच होतं. कॉफी, तपकिरी चीज, कापून ठेवलेला ब्रेड. खिडकीच्या चौकटीत एक खिळा होता आणि त्याला आयलर्टचा गोटा टांगलेला, चामड्याची दोरी आणि खुंटीसकट. समोरच्या चढावर त्याचं घर. तिथे नवे रहिवासी आले असावेत, कारण पडदे पिवळे होते. ओड्नीच्या गळ्यात कंपनीचं यंत्र होतं. निळ्या स्वेटरवर ते शोभून दिसत होतं, ही त्यातली सगळ्यांत वाईट गोष्ट.

सोलफ्रीडने विग्दिसकडे काय झालं ते सांगितलं. ओड्नीने ऐकलं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता आणि दुसरंही काही नव्हतं. राग असता तर सोलफ्रीडला बरं वाटलं असतं.

"आंघोळ करताना घशाला लागतं," ओड्नी म्हणाली. "झोपेत कुशीखाली जातं. मी नर्सला सांगितलं. ती म्हणाली, तुमचं म्हणणं पुढे कळवते, कंपनीला युजरच्या सूचना हव्याच असतात." तिने खुर्ची ओढली आणि सोलफ्रीडकडे पाठ करून बसली. मानेवरचे पांढरे केस तिने एका हाताने वर धरले. "तुझी बोटं अजून चांगली आहेत. बघ उघडतंय का."

सोलफ्रीडने खुंटी धरली. ती दिसायला हुबेहूब आयलर्टने केलेल्या खुंटीसारखी होती, पण हे नुसतंच सोंग होतं. आत पोलादी खटका होता. तिने दाबलं, पिळलं, नख घालून ओढलं. ओड्नीच्या मानेवर दोरीचा लाल वळ उठला. ओड्नीने केस तसेच वर धरून ठेवले. सोलफ्रीडने आणखी जोर लावला, दात ओठांत रुतेपर्यंत लावला, आणि तेवढ्यात ओड्नीच्या छातीवरून एका तरुण मुलीचा आवाज आला.

"ओड्नी, सगळं ठीक आहे ना? कुलूप ओढलं गेल्यासारखं दिसतंय इथे."

"ठीक आहे."

"ते आपण उघडायचं नाही हं. लक्षात आहे ना?"

"आहे."

"कोणी आहे का तुझ्याबरोबर?"

सोलफ्रीडचे हात अजून तिच्या मानेवर होते. ओड्नीने मागे वळून पाहिलं नाही. खिडकीकडे तोंड करून, एक्स्चेंजात फोन जोडताना बोलत असे तसं, एकेक शब्द सुटा करून ती बोलली.

"आहे. जिने ठरवलं, ती."

पलीकडच्या मुलीला त्यातलं काही समजलं नाही. छान, म्हणाली, सोबत असली की बरं असतं, ठेवते मग. यंत्र टक वाजून बंद झालं. आयलर्टच्या बटणाचा आवाज लोकांना आवडला होता, म्हणून कंपनीने तो तसाच ठेवला होता.